ओवाळणीचं प्रवाळ

सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शैलजाबाईंचं घर आहे, आणि त्या घरात समुद्र आहे. चार फूट लांबीचा, दिवाणखान्याच्या भिंतीला टेकलेला, वर निळे दिवे लावलेला. पहिल्यांदा येणारा पाहुणा एक चप्पल काढून आणि एक पायात ठेवून दारातच उभा राहतो. मग विचारतो, "खरी आहेत का हो ही फुलं?" शैलजाबाई शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे एका वाक्यात उत्तर देणं त्यांना जमत नाही. त्या सांगतात की ही फुलं नाहीत, जनावरं आहेत, प्रवाळाच्या नात्यातली, यांना झोअँथिड म्हणतात, शर्टाच्या बटणाएवढं एकेक तोंड, भोवती झालर, आणि अशी शेकडो तोंडं एकाच बुडख्यावर दाटीवाटीनं उगवलेली. पाहुणा तोवर चहाकडे वळलेला असतो.

सिल्वासाला समुद्र नाही. दमणगंगा आहे, सुताचे कारखाने आहेत, नरोलीच्या रस्त्याला ट्रकांची रांग आहे, पण समुद्र बघायचा तर दमणला जावं लागतं, आणि तिथला समुद्र शैलजाबाईंना उकळून उकळून गढूळ झालेल्या चहासारखा वाटतो. त्यांचं माहेर देवगडच्या खालच्या अंगाला, एका लहान वाडीत. घरामागे माड, माडांपलीकडे कातळ. ओहोटी लागली की कातळाच्या खळग्यांत हिरवट तपकिरी झोअँथिडांची सतरंजी उघडी पडायची. लहानपणी शैला तिथे उकिडवी बसून राहायची. बोट लावलं की मिटतात, थोडं थांबलं की उघडतात, एवढाच तो खेळ. त्या खेळापायी ती पुढे प्राणिशास्त्र शिकली. लग्न झालं ते भास्कररावांशी. ते इथल्या प्रशासनाच्या कचेरीत कारकून होते आणि आजही साधारण तेच आहेत. इथे तिला शाळा मिळाली, घर झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून पुण्याला गेली. कातळ तेवढा तिकडेच राहिला. मग ही टाकी आली.

टाकीच्या बाबतीत शैलजाबाईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. बाहेरून आलेला कुठलाही जीव थेट मोठ्या टाकीत जायचा नाही. मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी, एक छोटी काचेची टाकी होती. नव्या पाहुण्यानं महिना-दीड महिना तिथे काढायचा. आधी औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यायचं, पिचकारीनं झोडपायचं, भिंगानं बुडखा तपासायचा, मगच पुढचं बोलणं. कारण झोअँथिडांवर जगणारे चोर फार. एक चौकटीच्या नक्षीचा चपटा शंख असतो, तो तोंडाजवळ बसून रस शोषतो. एक कोळ्यासारखा आठ पायांचा किडा असतो. आणि सगळ्यांत नालायक ती बिनशंखाची गोगलगाय, न्युडिब्रँक. नखाच्या अर्ध्याएवढी. ज्या झोअँथिडाला खाते त्याचाच रंग अंगावर घेते, पाठीवर तशीच झालर वागवते, आणि त्याच्यातच बसून राहते. बघणाऱ्याला वाटतं, एक तोंड जास्तीचं उगवलंय.

भास्करराव या सगळ्याला 'बाईंचा आयसोलेशन वॉर्ड' म्हणायचे. कोरोनाच्या वेळी साऱ्या देशाला विलगीकरण शिकावं लागलं, आमच्या घरी ते आधीपासून होतं, असं ते कचेरीत चवीनं सांगायचे. एकदा सुरतेहून कुणी हौशी गृहस्थ स्वतः गाडी घेऊन आले, महागाचा नमुना भेट म्हणून आणला. त्यांच्यासमोर शैलजाबाईंनी तो नमुना बादलीत टाकला आणि म्हणाल्या, "राग मानू नका, पण याला आधी धुवून घेते." गृहस्थांचा चेहरा पडला. पुन्हा काही ते आले नाहीत. शैलजाबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

वाटायचं ते एकाच माणसाचं. सदाशिवदादाचं.

वडील गेले त्या वर्षी, दिवसकार्य आटोपल्यावर, माजघरात सगळे जेवायला बसले असताना शैलजाबाई म्हणाल्या होत्या की बाकी सगळं दादाचं, मला फक्त कातळाकडची ती पट्टी हवी. निवृत्त झाल्यावर तिथे एक खोली बांधीन. यात भांडण कुठेच नव्हतं. पण सदाशिव पानावरून उठून गेला. बहिणीनं वाटा मागितला ही गोष्ट त्याला इतकी लागली की त्यानंतर त्यानं सिल्वासाची वाट सोडली. दहा-अकरा भाऊबिजा झाल्या. दरवर्षी शैलजाबाई चार दिवस आधी फोन करायच्या. दरवर्षी त्याचं काही ना काही निघायचं: माडावर माणसं चढवायची आहेत, उषावहिनींची कंबर धरली आहे, गाडीचं आरक्षण नाही. मग भाऊबीजेला संध्याकाळी शैलजाबाई निरांजन घेऊन मागच्या गॅलरीत जायच्या आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका करतात तसं चंद्राला ओवाळायच्या. बीजेची ती कोर, त्यात पश्चिमेला नव्या इमारती झालेल्या. कधी दिसायची, कधी नुसतंच त्या दिशेला ओवाळून आत यावं लागायचं. सख्खा भाऊ धडधाकट असताना चांदोबाला ओवाळायचं, याची लाज वाटायची त्यांना. शेजारणींना त्या सांगायच्या की आमच्याकडे तशी रीतच आहे.

त्यांना आयुष्यात आता फार काही नको होतं. भाऊबीजेला दारात भाऊ हवा होता.

आणि गेल्या वर्षी तो आला. न कळवता, भाऊबीजेच्या सकाळी, वापीहून रिक्षा करून. हातात पिशवी, पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लास्टिकची बरणी. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण दारात उभं राहून मान तिरकी करायची लकब तीच.  शैलजाबाई त्याची पिशवी घ्यायला धावल्या.

"ती पिशयी सांबाळून गो," सदाशिव म्हणाला. "तुज्यासाठी हाडलंय. बघ, वळाखतंस काय."

बरणीत जांभ्या दगडाचा एक तुकडा होता आणि त्याच्यावर हिरव्या झोअँथिडांचं पुंजकं, सगळी तोंडं घट्ट मिटलेली.

"आपल्या कातळावरचा हा," तो म्हणाला. "तुका आवाडता म्हणान काडून हाडलंय."

"ओहोटीक गेललंस?"

"व्हय तर. ढोपरभर पाण्यात उतारलंय."

या वयात, गुडघे धरलेले असताना, दादा कातळावर उतरला. आपल्यासाठी उतरला. शैलजाबाई बरणी छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. एरवी त्या शाळेच्या सहलीत एखाद्या पोरानं किनाऱ्यावरचा जिवंत शिंपला उचलला तरी त्याला फैलावर घेत. कातळावरून जीव खरवडून आणला म्हणून दादाला मात्र त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. जांभ्या दगडातलं लोखंड पाण्यात उतरतं, तो टाकीत घालायचा नसतो, हेही त्यांना ठाऊक होतं. रंग जरा जास्तच झगझगीत हिरवा आहे हेही दिसलं होतं; निळ्या दिव्यांमुळे वाटत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस इतका आनंदला की त्याच्या डोळ्यांचा काही भरवसा राहत नाही.

भास्करराव सवयीनं म्हणाले, "वॉर्डात ठेवू का?"

शैलजाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. भावानं ओवाळणी म्हणून आणलेली वस्तू, तीही माहेरच्या कातळावरची, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत औषधात बुचकळून कपड्यांच्या मशीनशेजारी ठेवायची? सुरतेच्या गृहस्थांचं ठीक होतं. हा दादा होता. अकरा वर्षांनी आलेला. त्यांनी बाही वर केली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तो दगड टाकीच्या मधोमध ठेवला, त्यांच्या नारिंगी चादरीला लागून. नारिंगी चादर म्हणजे त्यांची सगळ्यांत जुनी वसाहत. एकाच तोंडापासून वाढवलेली, आता ताटाएवढी झालेली.

मग पाट, रांगोळी, औक्षण. सदाशिव पोटभर जेवला, करंज्या दोनदा मागून घेतल्या. सुपारी कातरता कातरता म्हणाला, "शैला, एक सही लागतली गो. त्या जमनीत तुजा नाव रवलाहा, उगाच कटकट. तुका थंय येवची गरज नाय. हयच्याच नोटरीकडे माज्या नावार कुलमुखत्यारपत्र करून दी, फुडला मी बघतंय. घाय नाय. मार्गशीर्षात कागद घेवन येतंय."

"दितंय," शैलजाबाई म्हणाल्या. पट्टीची आठवणही काढली नाही. मार्गशीर्षात दादा पुन्हा येणार, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

सदाशिव गेल्यावरही हिरवं पुंजकं उघडेना. प्रवासाचा शीण असेल, असं शैलजाबाई म्हणाल्या. भास्कररावांना त्या रोज सांगायच्या, आज एक तोंड किलकिलं झालं, उद्या बघा सगळी उघडतील. आठवडा गेला. मग एके दिवशी शाळेतून आल्यावर त्यांना दिसलं की नारिंगी चादरीची कडही मिटलेली आहे. ज्या बाजूला दादाचा दगड होता, नेमकी तीच.

 त्यांनी आधी पाणी तपासलं, खारेपणा तपासला, दिवे पाहिले. जांभ्याला दोष दिला. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, फक्त ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर घ्यायला मन धजेना. शेवटी पहाटे, टाकीचे दिवे लागण्याआधी, लाल कागद गुंडाळलेली बॅटरी घेऊन त्या काचेशी गुडघे टेकून बसल्या. पाण्याच्या ओढीनं सगळ्या झालरी डावीकडे हलत होत्या. एक झालर उजवीकडे चालली होती.

ती होती. एक नाही, किती तरी. हिरव्यावर हिरव्या होत्या, आणि ज्या नारिंगी चादरीवर सरकून तिथे खायला बसल्या होत्या त्या नारिंगी झाल्या होत्या. शैलजाबाई विज्ञानाच्या बाई असूनही त्या क्षणी त्यांना किळस आली.

पुढचं काम कष्टाचं होतं आणि ते त्यांनी नेटानं केलं. झोअँथिडांच्या अंगात भयंकर विष असतं, म्हणून हातमोजे, डोळ्यांना चष्मा. गरम पाणी तर जवळपासही आणायचं नाही, त्याच्या वाफेनं माणूस दवाखान्यात जातो. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात औषध, त्यात एकेक वसाहत. पिचकारी मारली की न्युडिब्रँक सुटून बादलीच्या तळाला वळवळत पडायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, झालं काम. पण औषधानं फक्त मोठ्या मरतात. अंड्यांना काही होत नाही. पांढऱ्या धाग्याची जिलबी घालावी तशी ती अंडी तोंडांच्या मुळाशी, दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवलेली असतात. ती चिमट्यानं, दात घासायच्या ब्रशनं खरवडावी लागतात, आणि जी नजरेतून सुटतात ती फुटायची वाट बघून पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दर आठवड्याला त्या हे करत राहिल्या. भास्करराव पाणी भरून द्यायचे. थट्टा त्यांनी बंद केली होती.

औषधाच्या प्रत्येक बुडीनं नारिंगी चादर थोडी थोडी खंगत गेली. आधी कडा विरघळल्या, मग मध्ये भोकं पडली. शैलजाबाई मेलेला भाग ब्लेडनं कापून टाकायच्या आणि उरलेला जपायच्या. तो रोज कमी व्हायचा.

त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या भिमाबाई साक्रीकडच्या. मुलगा नवनाथ सुताच्या कारखान्यात, सगळे आमलीत एका खोलीत राहतात. एके दिवशी भांडी आवरून भिमाबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, इतलं काय घासतस? फेकी द्या ना तो दगड."

"भावानं दिलाय हो," शैलजाबाई म्हणाल्या. मग कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात यायचाय तो. जमिनीच्या कागदावर सही घ्यायला."

भिमाबाईंनी पदरानं हात पुसले. "मी बी अंगठा दिधा व्हता," त्या म्हणाल्या. "एक लुगडं भेटनं. मंग भाऊ काही उना नही."

शैलजाबाईंना राग आला. आमचा दादा तसला नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. तो दगड हातात होता, त्याच्या बुडाशी अंड्यांची एक जिलबी राहिली होती, ती काढायला त्यांनी चिमट्याचं टोक आत खुपसलं. टोक कशाला तरी अडलं. दगडाला नव्हे, गुळगुळीत कशाला तरी. त्यांनी ब्रश फिरवला. जांभ्याच्या खळग्यात जांभळट लुकण भरलेलं होतं, आणि लुकणात रुतलेली एक पांढरी चकती, खाली आखूड दांडा असलेली. दुकानातली चकती. प्रवाळ विकणारे लोक तुकडे पाडून ज्याच्यावर चिकटवून ठेवतात ती. शैलजाबाईंच्या स्वतःच्या खणात तसल्या पिशवीभर होत्या. ओळखायला वेळ लागायचं कारणच नव्हतं.

कातळावर चकत्या उगवत नाहीत.

भिमाबाई निघून गेल्या तरी त्या तिथेच बसून राहिल्या. हातमोज्यावरून पाणी ठिबकत होतं. दादा ओहोटीला गेला नव्हता. ढोपरभर पाण्यात उतरला नव्हता. घरच्या कुंपणाच्या गडग्यातला एक दगड उचलून त्यानं तो कुठल्याशा दुकानात नेला होता आणि त्यावर हे लावून घेतलं होतं. म्हणजे बहिणीला काय आवडतं हे त्याला पक्कं आठवत होतं. विसरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माहेरी फोन केला. सदाशिव बाहेर गेला होता, फोन उषावहिनींनी घेतला. इकडचं तिकडचं झाल्यावर शैलजाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, कातळावर अजून त्या हिरव्या बोंडाळ्या दिसतात का ओहोटीला?"

"कातळ?" उषावहिनी म्हणाल्या. "वन्सं, खंयचो कातळ घेवन बसलासात? थंय गेल्या मे म्हयन्यात कातळ फोडून भिंत इली रिसॉर्टाची. ह्यांनी तुमका सांगूक नाय?" आणि मग काहीतरी लक्षात येऊन त्या एकदम म्हणाल्या की कुकरची शिट्टी झाली, नंतर बोलते.

सगळं उलगडलं. पट्टीचा व्यवहार कधीच झाला होता. भिंतही उभी राहिली होती. शैलजाबाईंचं नाव तेवढं मध्ये अडकलं होतं, आणि ते काढून घ्यायला दादा अकरा वर्षांनी भाऊबीजेला आला होता.

भास्कररावांना सांगितलं तेव्हा ते आधी बसले, मग उठले, मग त्यांचा आवाज चढला. "तुझ्या तोंडाला पानं पुसली त्यानं! एक कागद सही करायचा नाही. वकील करू. त्याला म्हणावं, पाड ती भिंत."

"कातळ फोडलाय त्यांनी," शैलजाबाई म्हणाल्या. "भिंत पाडून काय मिळणार मला?"

सदाशिव सांगितल्याप्रमाणे मार्गशीर्षात आला. हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात आंब्याच्या वड्या. कलेक्टर कचेरीजवळच्या नोटरीशी फोनवर बोलूनही ठेवलं होतं त्यानं. शैलजाबाईंनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, पोहे दिले. तो टाकीकडे बघून म्हणाला, "अर्धा रिकामा दिसता गो. ता नारिंगी व्हता ता खंय गेला?"

"मेला," त्या म्हणाल्या. मग खणातून ती चकती काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "दादा, ह्यां वळाखतंस?"

सदाशिवनं ती उलटसुलट करून पाहिली आणि हसला. परसातल्या कैऱ्या चोरताना सापडल्यावर लहानपणी हसायचा तसाच हसला. "दुकानदारान सांगलेल्यान, कोणाक कळाचा नाय म्हणान," तो म्हणाला. "मुंबयत गाडी बदलताना घेतलंय. तुका बरां वाटाक व्हया म्हणान केलंय गो. वाटला मां बरां?"

वाटलं होतं. तेच तर. त्या सकाळी बरणी छातीशी धरली तेव्हा त्यांना जे वाटलं होतं ते गेल्या अकरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. ते नाकारताही येईना, आणि ते या माणसानं मुंबईत गाडी बदलताना विकत घेतलं होतं.

"आणि कातळार भिंत इली, ती माका बरां वाटाक व्हया म्हणानच लपवलंस?"

सदाशिवचं हसू गेलं. त्यानं चकती टेबलावर ठेवली. "उषान सांगल्यान?"

 आदल्या आठवड्यापासून जे मनात घोळत होतं ते शैलजाबाई बोलल्या, आणि आवाज चढू दिला नाही. "दादा, सही दितंय मी. आजच दितंय. पण मगे ह्या घराक भाऊबीजेक येव नको. नाय तर ते कागद फाडून टाक आणि दरवर्षी ये. मोकळ्या हातान ये, काय हाडू नको. माका पट्टी नको, भिंत रवांदे तशीच, मी कोर्टात जाणंय नाय. पण सही मागू नको. कायतां एक सांग."

एवढं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. त्याला हो म्हणायलाही नको होतं. कागद पिशवीत परत घातले असते तरी त्यांचं मन भरलं असतं. सही नसल्यामुळे त्याची अडचण झाली असती, रिसॉर्टवाल्यांनी तगादा लावला असता, हे खरं. पण बहीण राहिली असती. भास्करराव दारात उभे राहून ऐकत होते. टाकीचा पंप घुरघुरत होता.

सदाशिवनं बहिणीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नोटरी एकाक जेवूक जाता गो," तो म्हणाला. "आधी ता उरकूया. मगे बोलू."

शैलजाबाई उठल्या. पर्स घेतली. भास्करराव म्हणाले, "शैला, नको," पण त्या चपला घालत होत्या. दहा-अकरा वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली ते मिळालं होतं, आता कातळाकडच्या पट्टीचं काय करायचं होतं?

नोटरीचं टेबल एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात होतं. त्यानं कागद चाळले, फोटो ताडून पाहिला आणि विचारलं, "राजीखुशीथी ने, बेन?"

"हां," शैलजाबाई म्हणाल्या.

त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. प्रगतिपुस्तकावर करतात तशी, सुवाच्य, खाली रेघ ओढून. नोटरीनं शाईची डबी पुढे केली. सहीसोबत अंगठाही लागतो म्हणाला. शैलजाबाईंनी अंगठा दिला. ती जांभळी शाई साबणानं निघेना. दोन दिवस फळ्यावर लिहिताना ती त्यांना दिसत राहिली, आणि भिमाबाईंना दिसू नये म्हणून त्या हात पदराखाली धरत.

वापीच्या रिक्षात बसताना सदाशिव म्हणाला, "फुडल्या भाऊबीजेक येतंय हां."  तो कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

टाकीतल्या न्युडिब्रँक होळीच्या सुमारास संपल्या. पुन्हा पुन्हा पहाटे बॅटरी लावून पाहिलं, उलट चालणारी झालर दिसली नाही. नारिंगी चादरीचे उरलेसुरले तुकडेही संपले होते. शेवटचं तोंड गळून पडलं ते शैलजाबाईंनी चिमट्यानं उचलून टाकलं. वाचली ती दादाच्या पुंजक्यातली पाच-सहा हिरवी तोंडं. ती फेकून द्यावीत असं त्यांना रोज वाटायचं. पण जिवंत जनावर गटारात टाकणं त्यांच्यानं झालं नाही. त्या बिचाऱ्यांनी काय केलं होतं? त्यांनी ती जांभ्यावरून सोडवली, टाकीतल्या दगडावर बसवली आणि इतरांना घालतात तसं खाणं त्यांनाही घालत राहिल्या.

हिरवं झोअँथिड चिवट निघालं. जिथे नारिंगी चादर होती तिथे दिवाळीपर्यंत ते पसरलं. निळ्या उजेडात असं काही झळकायचं की जिन्यातून जाणारा माणूसही वळून बघे.

यंदाच्या भाऊबीजेला शैलजाबाईंनी फोन केला नाही. येऊ नको असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, तरी सकाळपासून जिन्यात पाऊल वाजलं की त्यांचे हात थांबायचे. संध्याकाळी त्या निरांजन घेऊन गॅलरीत जाऊन आल्या. आभाळात ढग होते.

त्यानंतर शाळेतल्या नव्या शिक्षिका, श्रुती, फराळाला आल्या. दारातच एक चप्पल पायात ठेवून थांबल्या.

"अय्या, किती सुंदर! बाई, हे हिरवं कुठून आणलंत?"

शैलजाबाई यावेळी विज्ञान सांगत बसल्या नाहीत.

"माहेरचं आहे," त्या म्हणाल्या. "भावानं ओवाळणीत दिलंय."